तळहाताचं चित्र

दिवसभर मी चेपलेल्या गाड्यांचे फोटो काढतो.
महापे, रबाळे, पामबीचवरचं ते एक वळण.
बोनेटखाली वाकायचं, नंबर टिपायचा,
सीटवर काय सांडलंय तिकडे बघायचं नाही,
आणि फॉर्मवर लिहायचं : टोटल लॉस.

म्हणून प्रचितीला म्हटलं, बाई गं,
या फोनमध्ये एखादा असा खेळ घालून दे
ज्यात कुणी मरत नाही.

ती हसली. बारावीत आहे, तिला घाई असते.
पहिल्यात लिमलेटच्या गोळ्या फोडायच्या होत्या.
दोन रात्री बरं वाटलं. मग पाचही बदाम संपले
आणि खेळ म्हणाला, अर्धा तास थांबा
नाहीतर जीव विकत घ्या,
एकोणनव्वद रुपये.
एवढा स्वस्त भाव मी एकाही क्लेमवर पाहिला नव्हता.

दुसऱ्यात शेत होतं. वांगी लावली.
साहेबांच्या मीटिंगमध्ये खिसा थरथरला :
तुमची वांगी सुकताहेत. तुमची गाय उपाशी आहे.
गाय!
नेरुळला, चौथ्या मजल्यावर, सेक्टर अठरात
माझी गाय उपाशी.
काढून टाकला.

तिसऱ्यात नुसती गाडी चालवायची होती,
समुद्राकाठच्या रस्त्यानं, निवांत.
मी पहिल्याच वळणावर ब्रेक दाबून बसलो.

मग हा सापडला.
तळं, होडी, पाठमोरा एक माणूस.
गळ टाकायचा. थांबायचं.
गुण नाहीत, घड्याळ नाही, मागून कुणी येत नाही.
मासा लागला की अंगठ्याखाली धडधडतो
आणि खाली उघड्या तळहाताचं चित्र येतं.
ते दाबलं की मासा पाण्यात परत.
मिळत काहीच नाही. एक वर्तुळ उठतं, विरतं.
महिनाभर, रात्री साडेअकरा ते बारा,
मी वर्तुळं उठवत बसलो.

रविवारी दिवाळ्याला गेलो.
आय ओट्यावर सुकट निवडत होती.
मी पायरीवर बसून जिताड्याएवढा एक सोडला
तो तिनं नेमका पाहिला.
“सोरलास?”
हो.
“मंग धरलास कनाला?”

काय सांगणार.
आमच्या घरात मासा ही दया करायची गोष्ट नव्हती,
ती वाशीच्या कॉलेजची फी होती, दर सहामाहीला,
खवल्यांचा वास येणाऱ्या नोटांत.

तिनं हात पदराला पुसले, फोन मागितला,
खाडीकडे पाठ करून बसली.
“भरती कवा येते हिकरं?”
येत नाही, आये.
“वास पन नाय.”
त्यानंतर बोललीच नाही.
अंगठा काचेवर ठेवलेला, हलत नव्हता,
दोरी धरावी तसा.
मी कधीच इतका वेळ थांबलो नव्हतो.
मला वाटायचं, थांबणं म्हणजे पुढचं येईपर्यंतचा वेळ.

लागला एक, बोटभर.
तिनं चष्मा सरकवून बघितला, तळहात दाबला.
“पिल्लू हाय. जाऊ दे.”
मग एक मोठा.
तिनं कुठे बोट लावलं कुणास ठाऊक.
होडीत एक टोपली आहे,
ती मला आजवर शोभेची वाटत होती.

निघताना तिनं पिशवीत सुकट दिली
आणि फोन दिला, तसाच, जड असल्यासारखा.

आज सोमवार. घणसोलीला टेम्पो उलटलाय, फोन येऊन गेला.
टोपलीत तीन मासे आहेत.
होडी पाण्यात किंचित खाली बसलेली,
म्हणजे बनवणाऱ्यानं हेही ध्यानात ठेवलं होतं.
तळहाताचं चित्र खाली लुकलुकतंय.
मी दाबलेलं नाही.
बूट घालतोय.